टायरवरचा आकडा आणि टायरचे माप

वसंतातल्या संध्याकाळी, दिवसभराचा उकाडा ओसरत असताना, मोटारीच्या टायरसारख्या काळ्याकभिन्न विषयावर बोलावयास उभे राहणे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणेच होय, याची आम्हांला जाणीव आहे. तथापि विषय वरून टायरचा दिसला तरी आतून तो मापाचा आहे, आणि मापाशी ज्याचा संबंध येत नाही असा गृहस्थ बाजारपेठेच्या गावी सापडणे कठीण.

आमच्या आजोळी धान्य पायलीने मोजीत. आमची आजी सांगे की, नदीपलीकडच्या पेठेतली पायली आपल्या पायलीहून लहान. दोन्हींचे नाव पायलीच, दोन्ही दुकानदार आपापल्या परीने प्रामाणिक, आणि तरीही नदी ओलांडून धान्य आणणारा माणूस घरी येऊन चकित होई. १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, मेट्रिक पद्धती आली आणि पायलीचा कारभार हळूहळू संपला. इंचाचीही गोष्ट फारशी निराळी नाही. इंग्लंडचा इंच आणि अमेरिकेचा इंच यांच्यात १९५९ पर्यंत केसाच्या अंशाएवढा का होईना, पण फरक होता. त्या वर्षी सर्वांनी मिळून इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर असे ठरविले. आता इंच एक झाला, म्हणजे इंचात सांगितलेली वस्तूही एकच असणार, असे कोणासही वाटेल. आम्हांलाही वाटत होते. एका पत्राने तो समज दूर केला.

आमचा एक भाचा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात नोकरीनिमित्त राहतो. तिकडे डोंगर मोठे आणि सुटीच्या दिवशी गाडी घेऊन त्या डोंगरांत शिरण्याची हौस त्याहून मोठी. खडक, चिखल, बर्फ यांतून जावयाचे म्हणून लोक गाडीला खोल नक्षीचे थोराड टायर बसवितात. भाच्याच्या ट्रकला असे चार टायर होते. त्यांवर ३५ हा आकडा होता, म्हणजे जमिनीपासून माथ्यापर्यंत पस्तीस इंच उंचीचा टायर. त्यांपैकी दोन टायर खडकावर फाटले. त्याने दुसऱ्या कारखान्याचे दोन नवे टायर आणून मागच्या बाजूला बसविले. त्यांवरही ३५ च होते. दुकानदाराने आकडा पाहून दिले आणि याने आकडा पाहून घेतले.

पुढच्या सुटीत बर्फाच्या घाटात त्याने लिव्हर ओढून पुढची आणि मागची चाके एकत्र जोडली. घाट उतरल्यावर कोरडा डांबरी रस्ता लागला आणि लिव्हर परत टाकावयास तो विसरला. थोड्या वेळाने स्टिअरिंग जड झाले, खालून कुरकुर सुरू झाली, आणि आठवण होऊन लिव्हर ओढली तर ती जागची हलेना. शेवटी गाडी थोडी मागे घेतली तेव्हा ताण सैल पडून ती सुटली. घरी येऊन त्याने चारही चाके मोजली. पुढची जुनी भरली ३४¼ इंच, मागची नवी ३४⅞ इंच. पस्तीस एकही नाही! त्याने आम्हांला लिहिले, “मामा, तुम्ही जन्मभर गणित शिकविलेत. दोन्हींवर पस्तीसच लिहिले आहे. मग खोटे कोण बोलतो आहे?”

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती आले तेच आज सांगावयाचे आहे. प्रथम, एवढ्याशा फरकाने लोखंड का अडून बसावे ते पाहू. टायरचा घेर म्हणजे व्यासाची सुमारे ३.१४ पट. त्या हिशेबाने पुढचे चाक एका फेरीत २.७३ मीटर जाते, मागचे २.७८ मीटर. फरक पाच सेंटिमीटरचा. परंतु एक किलोमीटर जाईपर्यंत पुढच्या चाकाला मागच्यापेक्षा सुमारे साडेसहा फेऱ्या अधिक घ्याव्या लागतात. चाके जोडलेली नसली तर बिघडत नाही. ज्याला जितके फिरावयाचे तितके ते फिरते. ती दांड्यांनी एकमेकांना बांधली की दोघांच्या फेऱ्या सारख्याच व्हावयास पाहिजेत. बर्फावर किंवा वाळूवर एखादे चाक किंचित घसरते आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर ते घसरावयास तयार नसते. मग उरलेल्या फेऱ्यांचा पीळ दांड्यांत आणि दातेरी चाकांत साठत जातो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता घेतात, म्हणून अशा गाडीत कोरड्या रस्त्यावर चाके जोडणे एरवीही वर्ज्यच. येथे मात्र सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ चढत होता, आणि तो चढत आहे हे टायरवरचा आकडा सांगत नव्हता.

आकड्याच्या तीन लिप्या

टायरवरचा आकडा वाचावयास शिकणे म्हणजे तीन लिप्या शिकणे होय. पहिली लिपी जुनी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळवणी सुरू केली. त्या जीपच्या टायरवर ६.००-१६ असे असे. सहा इंच ही टायरच्या पोटाची रुंदी आणि सोळा इंच हा ज्या लोखंडी रिमवर तो बसतो तिचा व्यास. उंची लिहिलेलीच नाही! टायरचे पोट जितके रुंद तितकेच उंच, असे गृहीत धरावयाचे. म्हणजे सोळा अधिक दोन वेळा सहा, एकूण अठ्ठावीस इंच. प्रत्यक्षात जाड नक्षीचे टायर याहून काहीसे मोठेच भरत. जुना आकडा आपल्या मालापेक्षा थोडे कमीच बोले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी लिपी मेट्रिक. उदाहरणार्थ २८५/७० आर १७. येथे पोटाची रुंदी २८५ मिलिमीटर, पोटाची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १७ इंचांची रिम. एकाच नावात मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी ही त्रिवेणी आहे. परंतु हिशेब सरळ आहे. २८५ चे ७० टक्के म्हणजे १९९.५, वर एक आणि खाली एक म्हणून दुप्पट ३९९, रिमचे १७ इंच म्हणजे ४३१.८, बेरीज ८३०.८ मिलिमीटर, म्हणजे ३२.७ इंच. २०१८ सालापासूनच्या नव्या घडणीच्या जीप रँग्लरच्या रुबिकॉन प्रकाराला हे टायर कारखान्यातूनच बसवून आले, आणि सारी अमेरिका त्यांना ‘तेहतिसाचे’ म्हणते. याच रीतीने ३१५/७० आर १७ चा हिशेब केला तर ३४.४ इंच येतात, आणि त्यांना लोक ‘पस्तिसाचे’ म्हणतात. येथे कारखाना खोटे बोललेला नाही. पूर्णांकाची आवड आपणां सर्वांनाच असते.

तिसऱ्या लिपीत उंची आधी लिहितात : ३५ × १२.५० आर १७. पस्तीस इंच उंच, साडेबारा इंच रुंद, सतरा इंचांची रिम. मऊ वाळूत आणि चिखलात न रुतता वर तरंगत जावेत म्हणून जे रुंद टायर निघाले त्यांच्यासाठी ही लिपी पडली, आणि तिचे इंग्रजी नावही ‘तरंगणे’ या अर्थाचेच आहे. येथे ग्राहकाला बेरीज-गुणाकार करावा लागत नाही. उत्तर समोर छापलेले आहे. आणि नेमक्या याच लिपीत उत्तर बरोबर असण्याची शाश्वती सर्वांत कमी. पस्तिसाच्या टायरची माहिती काही नामांकित कारखान्यांच्या स्वतःच्या सूचिपत्रात उघडली, तर तेथे उंचीच्या रकान्यात ३४.५ असे छापलेले सापडते. म्हणजे टायरच्या कुशीवर एक आकडा आणि कागदावर दुसरा. आणि दोन्ही एकाच कारखान्याचे.

फरक का पडतो

‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु थोडे थांबले पाहिजे. टायर ही लाकडी फळीसारखी वस्तू नव्हे. तिच्यात हवा भरल्यावाचून तिला आकारच नाही, आणि रिमवर चढविल्यावाचून हवा भरता येत नाही. तेव्हा ‘या टायरचे माप काय’ असे विचारले तर ‘कोणत्या रिमवर आणि किती हवेने’ असा उलट प्रश्न करणे हेच शहाणपणाचे. मापाचे नियम करणाऱ्या संस्थांनी म्हणूनच प्रत्येक टायरसाठी एक मापाची रिम ठरवून दिलेली असते. वर सांगितलेल्या साडेबारा इंची टायरची मापाची रिम दहा इंच रुंद असते. रिमची रुंदी अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी सुमारे एक पंचमांश इंचाने बदलते. आता हाच टायर साडेआठ इंच रुंदीच्या रिमवरही बसविता येतो, आणि पुष्कळजण तसा बसवितातही. तेथे दीड इंच कमी झाला, म्हणजे टायर सुमारे सहा दशांश इंचाने आखडला. साडेबाराचा बाराहूनही कमी झाला. शिवाय ही रुंदी पोटाच्या फुगवट्याची. जमिनीला टेकणारा नक्षीचा पट्टा त्याहून पुष्कळ अरुंद असतो, आणि कुशीवरची उठावाची अक्षरे व कडा या मापात धरलेल्याच नसतात. चिखलात रुतू नये म्हणून ज्याने रुंदी पाहून टायर घेतला त्याला हवी होती पट्ट्याची रुंदी. त्याच्या पदरात पडली पोटाची.

दुसरे कारण सवलतीचे. रबर साच्यात भाजून निघते, तेव्हा नियमांत थोडी सूट ठेवावीच लागते. परंतु तिचा कल पाहण्यासारखा आहे. प्रवासी मोटारींच्या रेडियल टायरांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने जो तिसाव्या क्रमांकाचा नियम आहे, त्यात टायर ठरलेल्या रुंदीपेक्षा वर चार टक्क्यांपर्यंतच जाऊ शकतो. कमी भरला तर मात्र रुंदीबद्दल हरकत नाही. याचे कारण ग्राहकाला फसविणे हे नव्हे. मोटार बनविणारा मडगार्डच्या आत जी जागा सोडतो ती टायरच्या कमाल मापावर सोडतो. टायर मोठा झाला तर तो लोखंडाला घासेल आणि फाटेल. लहान राहिला तर कोणाचा जीव जाणार नाही. शिवाय हवा भरून वापरात आल्यावर टायर किंचित वाढतो, त्या वाढीलाही जागा पाहिजे. म्हणून कमाल मर्यादेपासून हात राखून राहणे कारखान्याला सोयीचे. नियमाची भीती एका बाजूने आणि पूर्णांकाचा मोह दुसऱ्या बाजूने, यांतून पस्तीस नावाचा साडेचौतीस इंची टायर जन्माला येतो.

तिसरे कारण झिजेचे. खडकावरच्या टायरची नक्षी नवी असताना सुमारे चौदा मिलिमीटर खोल असते. ती झिजून कायद्याच्या अखेरच्या खुणेशी, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली, की वरून बारा आणि खालून बारा मिळून टायर जवळजवळ एक इंच बुटका झालेला असतो. भाच्याच्या पुढच्या टायरांनी असाच काही भाग रस्त्याला वाहिला होता. उरलेला फरक दोन कारखान्यांचा. मग खोटे कोण बोलले? कोणीच नाही, आणि तरीही त्याची गाडी अडली.

उभा टायर आणि चालता टायर

आतापर्यंत आपण टायर हवेत अधांतरी धरून मोजला. गाडीचे ओझे पडले की तो खाली चेपतो. आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर निम्म्या व्यासापेक्षा पाऊण-एक इंचाने कमी होते. खडकावरून जाताना गाडीचे पोट किती वर राहील हे या दबलेल्या उंचीवर ठरते, कागदावरच्या व्यासावर नव्हे.

मग एका फेरीत गाडी किती पुढे जाते? चेपलेल्या उंचीला त्रिज्या धरून हिशेब करावा, तर तोही चुकतो. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. ही बांधणी मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४९ साली बाजारात आणली. पट्टा ताणला जात नाही, म्हणून टायर चेपला तरी त्याचा घेर फारसा आखडत नाही. रणगाड्याच्या साखळीप्रमाणे तो जमिनीवर अंथरला जातो आणि उचलला जातो. चालीचे माप त्यामुळे मोकळ्या मापाहून साधारण तीन टक्केच कमी पडते. पस्तीस हा आकडा खरा मानला तर टायरने एका मैलात ५७६ फेऱ्या घ्यावयास हव्यात. प्रत्यक्षात साडेचौतीस इंची टायर सुमारे ६०० घेतो. चोखंदळ कारखाने सूचिपत्रात मैलामागच्या फेऱ्यांचा रकाना देतात, आणि आमच्या मते साऱ्या आकड्यांत कामाचा आकडा तोच.

हे सारे कशासाठी जाणावयाचे, असे कोणी विचारील. तेहतिसाचे टायर काढून पस्तिसाचे बसविणाऱ्याला वाटते, गाडी दोन इंचांनी उंच झाली. वरच्या दोन मेट्रिक टायरांचा हिशेब पाहा. ८३०.८ वरून ८७२.८ मिलिमीटर, म्हणजे व्यास वाढला ४२ मिलिमीटर. त्यातला निम्माच आसाच्या खाली. गाडी उचलली गेली २१ मिलिमीटर, पुरता एक इंचही नाही. आणि मोबदल्यात काय द्यावे लागले? घेर पाच टक्के वाढला. काटा शंभर दाखवीत असेल तेव्हा गाडी खरोखर एकशेपाचाने धावते आहे, आणि किलोमीटरचा आकडा मात्र कमी चढतो आहे. इंजिनाची ओढ जमिनीपर्यंत पोचताना सुमारे पाच टक्के घटली. जड चाक थांबवावयास ब्रेकला अधिक कष्ट पडू लागले. काटा दुरुस्त करून घ्यावयाचा, तर तेथेही पस्तीस हा आकडा घालून चालणार नाही. खरे माप घातले पाहिजे, नाहीतर एक चूक काढून दुसरी बसविल्यासारखे होईल.

आमच्याकडेही हा छंद आता आला आहे. २०२० साली निघालेल्या महिंद्रच्या थार गाडीच्या एका प्रकाराला २४५/७५ आर १६ टायर होते आणि दुसऱ्याला २५५/६५ आर १८. सोळा आणि अठरा हे आकडे पाहून पुष्कळांची समजूत अशी की, दुसरे चाक दोन इंचांनी मोठे. हिशेब करा : पहिले ७७४ मिलिमीटर, दुसरे ७८९. फरक पंधरा मिलिमीटरचा, आणि गाडीच्या उंचीत त्याचाही निम्मा. मोठी झाली ती रिम. रबराची जाडी घटली. खडकाचा तडाखा सोसावयास रबर आणि हवा लागते, हे ज्याला ठाऊक आहे तो मोठ्या रिमच्या दिमाखावर भुलणार नाही.

खडूचा तुकडा

आता उपाय. त्याला खडूचा तुकडा, शिवणकामाची टेप आणि मदतीला एक शेजारी एवढेच साहित्य लागते. गाडीत नेहमीचे ओझे आणि टायरांत नेहमीची हवा असावी. सपाट फरसबंदीवर गाडी उभी करून टायर जेथे टेकतो तेथे टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी. गाडी हळूहळू सरळ पुढे न्यावी. टायरवरची खूण पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करावी. दोन खुणांतले अंतर म्हणजे तुमच्या टायरची खरी चाल. तीत रिम, हवा, ओझे, झीज सारे काही आपोआप जमेस धरले गेले. पाच फेऱ्या मोजून पाचाने भागले तर अधिक चांगले. हे चारही चाकांचे करावे, आणि जादा चाकाचे विसरू नये. रात्री घाटात तेच उपयोगी पडावयाचे असते.

टायर विकत घेताना चार गोष्टी विचाराव्यात. सूचिपत्रातला व्यास किती? तो कोणत्या रिमवर मोजला? मैलामागे किंवा किलोमीटरमागे फेऱ्या किती? आणि मडगार्डपासून, चाक पूर्ण वळविले असताना, जागा किती उरते? चारही चाके जोडणारी गाडी असेल तर चारही टायर एका कारखान्याचे, एका जातीचे आणि सारख्या झिजेचे असावेत. दोनच बदलणे परवडत असेल तर जुन्यांची चाल आधी मोजून तिला जुळणारे घ्यावेत. दुकानदार या प्रश्नांनी रागावणार नाही. रागावला तर पुढच्या दुकानात जावे.

भाच्याला आम्ही उलट लिहिले की, खोटे कोणी बोलले नाही. पस्तीस हे त्या टायरांचे नाव आहे, माप नव्हे, आणि नावाच्या दोन माणसांची उंची आपण कधी सारखी धरीत नाही. त्याने मागचे दोन्ही टायर परत नेले. दुकानदार भला निघाला. थोडी तूट सोसून त्याने ते घेतले आणि पहिल्याच कारखान्याचे चार टायर दिले. चारही चाकांची चाल मोजून भाच्याने आकडे पाठविले, त्यांत एका सेंटिमीटरचाही फरक नव्हता. पत्राच्या तळाशी त्याने एवढेच लिहिले होते की, हत्यारांच्या पेटीत आता एक खडूही ठेवला आहे. जन्मभर फळ्याशी खडू झिजविलेल्या आम्हांला हे वाचून किती समाधान वाटले, ते सांगावयास नकोच.